मदत हवी आहे: लायब्ररीत बदल सुचवायचेत, तुमच्याकडे काय चालतं?

नमस्कार मंडळी, मी एका सरकारी विद्यापीठात एमए करतेय, यंदा ग्रंथालय समितीवर विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून घेतलंय आणि पुढच्या मीटिंगला सूचना घेऊन या म्हणालेत.

आमच्याकडे सकाळीच बॅगा ठेवून जागा अडवल्या जातात, बहुतेक एमपीएससीवाले, स्वतःचीच पुस्तकं आणून वाचतात (राग नाही हां, रूमवर चौघांत काय अभ्यास होणार). पुस्तकांच्या रॅककडे कुणी जातच नाही, कारण आत सोडतच नाहीत, चिठ्ठी द्या नि काउंटरला उभे रहा. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ सालीच मुक्त प्रवेशाचा (वाचकाने स्वतः रॅकपाशी जाऊन पुस्तक निवडायचं) आग्रह धरला होता, आणि आपण अजून चिठ्ठीवर! पुस्तकं चोरीला जातात म्हणे, मग गेटवर आरएफआयडी (पुस्तकात चिप, नोंद न करता बाहेर नेलं की गेट वाजतं) बसवा ना.

दुसरं म्हणजे वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही केंद्र सरकारची योजना जानेवारी २०२५ पासून सुरू झालीय, ३० प्रकाशकांची जवळपास १३ हजार संशोधन जर्नल्स ऑनलाइन सरकारी विद्यापीठांना मिळतात, पण आमच्या वर्गात निम्म्यांना शोधगंगा ही वेबसाइट पण माहीत नाही, पीएचडीचे प्रबंध तिथे फुकट वाचता येतात हे मीच सांगत फिरते. ओरिएंटेशनमध्ये फक्त कार्ड नि दंडाचे नियम सांगतात.

तर कुणाच्या विद्यापीठात ग्रुपने बोलून अभ्यास करायची वेगळी खोली आहे का? बुकिंग कसं करता, आवाजाच्या तक्रारी येतात का? हॉस्टेलवरून जर्नल्स उघडायला लॉगिन कुणाकडून मिळवलंत? आणि मुख्य म्हणजे स्टाफ कमी असताना रॅक खुले करायला ग्रंथपालांना कसं पटवलंत? आमचे सर चांगले आहेत, पण ऑडिटला फार घाबरतात.