भंगारातून ऑटोक्रॉसची बग्गी: मारुती ८००चं इंजिन सुटं घ्यावं की आख्खी गाडी?

रानातला_रायडर (विटा)

नमस्कार मंडळी. मी आयटीआय करून गॅरेजला आहे, मावसभाऊ फॅब्रिकेशनच्या दुकानात वेल्डर. मातीवरच्या ऑटोक्रॉससाठी, म्हणजे वेळ लावून गाडी पळवायच्या शर्यतीसाठी, दोघं मिळून एका सीटची बग्गी बांधतोय. पाइपची चेसी (सांगाडा), इंजिन मागे. हातात एकूण १ लाख ४० हजार आहेत.

भंगारवाल्याकडे ८००चं इंजिन-गिअरबॉक्स सुटं मिळतंय, ९ हजार म्हणतोय. शेतात जुन्या पाइपलाइनचा दोन इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप पडून आहे, पन्नासेक फूट. एका ठोकलेल्या गाडीचे सीटबेल्टही आहेत. एवढ्यावर सुरुवात करावी का? ज्यांनी स्वतः बांधली आहे त्यांनी सांगा.

पिटलेन_पुणे

कॉलेजात असताना आमच्या टीमची गाडी बांधली होती, त्यामुळे फक्त पाइपचं सांगतो. जीआय अजिबात नको. एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या नियमात रोल केजला, म्हणजे गाडी उलटली तर चालकाला वाचवणाऱ्या पिंजऱ्याला, कोल्ड ड्रॉन सीमलेस (थंड ओढलेला, बिनजोडाचा) पाइप लागतो. डोक्यामागच्या मुख्य हूपला (कमानीला) ४५ बाय २.५ किंवा ५० बाय २ मिमी (बाहेरचा व्यास बाय जाडी), बाकीच्या बऱ्याचशा नळ्यांना ३८ बाय २.५ किंवा ४० बाय २. ज्या स्पर्धेत उतरणार तिचं नियमपत्रक आधी वाचा आणि एफएमएससीआय या भारतातल्या मोटरस्पोर्ट संघटनेच्या लायसन्सचंही बघून ठेवा. स्क्रूटिनीला (शर्यतीआधीच्या तपासणीला) गाडी अडली की वर्षभराची मेहनत तिथेच थांबते.

उद्यमनगर_लेथ (कोल्हापूर)

पोरांनो, सुटं इंजिन घेऊ नका. आख्खी गाडी घ्या, आणि तीही चालू.

मी उद्यमनगरात पंचवीस वर्षं लेथ आणि वेल्डिंगवर काढली आहेत. तुमच्यासारखीच बग्गी मी २०११ला बांधायला घेतली आणि पहिली चूक हीच केली. इंजिन-गिअरबॉक्स साडेसात हजारांत मिळालं म्हणून खूश होतो. मग रोज एकेक वस्तू आठवायला लागली. ड्राइव्हशाफ्ट, नकल (चाकाचा हब धरणारा भाग), माउंटिंग, क्लचची केबल, रेडिएटरचे होज, इग्निशन कॉइल, मास्टर सिलेंडर, वायरिंग. प्रत्येकासाठी भंगार बाजाराची एक फेरी. तीन महिन्यांनी वही काढून बेरीज मारली, तर तेवढ्यात चालू गाडी दारात आली असती. बोल्टसुद्धा तिचेच मिळाले असते. या गाडीचा १० मिमीचा बोल्ट १.२५ पिचचा (दोन आट्यांमधलं अंतर) असतो आणि हार्डवेअरच्या दुकानात सर्रास मिळतो तो १.५चा. जबरदस्तीने फिरवला की नकलचे आटे गेलेच म्हणून समजा. माझे दोन गेले.

चालू गाडी घेतली की आठवडाभर चालवून बघता येते. तापते का, तिसऱ्यातून गिअर सुटतो का, सायलेन्सरमधून निळा धूर येतो का, हे सगळं कळतं. सुट्या इंजिनाचं काहीच कळत नाही. ७९६ सीसीचं तीन सिलेंडरचं कार्ब्युरेटरवालं इंजिन घ्या. पेट्रोलचा पंप इंजिनावरच, त्याच्या कॅमवर चालणारा, विजेवर नाही, त्यामुळे वायरिंग अगदी थोडी लागते. ताकद चाळीस घोड्यांच्या आतच आहे, पण मूळ गाडी साडेसहाशे किलोच्या आसपास आणि तुमची बग्गी त्याहून बरीच हलकी होईल. मातीत तेवढी पुरे.

आता खरी गोष्ट. गाडी आणली की ग्राइंडर हातात घ्यायच्या आधी मोजायची टेप घ्या.

८००ची पुढची सगळी जोडणी, म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, शाफ्ट, नकल, ब्रेक, जशीच्या तशी उचलून मागे बसवायची असते. तोंड फिरवायचं नाही, नाहीतर सगळे गिअर उलटे पडतील. पण पुढची चाकं वळणारी आहेत हे विसरू नका. मागे नेल्यावर टायरॉड (चाकं वळवणारे दांडे) स्टिअरिंगला न जोडता चेसीला बांधावे लागतात, आणि कुठे बांधता यावर सगळं आहे. मी कापून मोकळा झालो होतो, म्हणून जवळ जो पाइप आला त्याला ब्रॅकेट मारला. रॉड मूळ मापापेक्षा ७० मिमी आखूड झाला. ट्रायलला बांधावरून गाडी उडाली की मागची बाजू आपली आपण वळायची. चार दिवस टायरच्या हवेत आणि शॉकअपमध्ये दोष शोधला. शेवटी स्ट्रटची (शॉकअपच्या खांबाची) स्प्रिंग काढली, हबला सरळ पट्टी बांधली आणि जॅकने चाक थोडं थोडं वर घेत ओळंब्यापासून अंतर मोजत गेलो. ६० मिमी वर गेल्यावर चाकाची पुढची कड ११ मिमी आत वळलेली. त्या वेगाने मी बांध उतरत होतो हे आठवून हात गार पडले.

म्हणून मूळ गाडीत टायरॉडचा आतला सांधा लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या) पिव्हटपासून किती लांब आणि किती उंच आहे, दोन्ही बाजूंचं मोजून लिहून ठेवा. तेच माप मागे उतरवा. आणि पुढचा स्टॅबिलायझर बार भंगारात टाकू नका. लोअर आर्मला पुढेमागे तोच धरून ठेवतो. तो काढलात तर त्या जागी पक्का रॉड द्यावाच लागेल.

जीआयबद्दल पुणेकर बरोबर बोलले. तो वेल्ड करताना जस्ताचा पांढरा धूर वेल्डरच्या छातीत जातो, संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. मावसभावाला विचारा, त्याने अनुभवलं असेल. शिवाय शेतात पडलेला पाइप आडवा कापून बघा, आतून गंजाची साल निघेल. त्यावर डोकं ठेवायचं नाही. ३८ बाय २.५चा पाइप मीटरला साधारण २.२ किलो भरतो. तीस मीटर धरलात तर सहासष्ट किलो. पैसे इथे घाला, इथे दात कोरून पोट भरणार नाही.

आणि भंगारातून बांधतोय म्हणून मन लहान करू नका. इंग्लंडात १९४६ला चार्ल्स आणि जॉन कूपर या बापलेकांनी फियाट टोपोलिनो या छोट्या मोटारींपैकी दोन जुन्यांचे पुढचे भाग पाठीला पाठ लावून जोडले, मागे मोटरसायकलचं जेएपी इंजिन टाकलं आणि रेसची गाडी केली. पुढचं सस्पेन्शन मागेही, अगदी तुम्ही करताय तसंच. १९५९ आणि १९६०ला जॅक ब्रॅबम फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला तो इंजिन मागे असलेल्या कूपरमध्येच. आपल्याकडे नारायण कार्तिकेयनची सुरुवातही श्रीपेरंबुदूरला फॉर्म्युला मारुतीत झाली, आणि त्यात हेच ८००चं इंजिन असायचं.

परदेशी_पाना

मी अमेरिकेत असतो. इथे २००६पासून ‘२४ अवर्स ऑफ लेमन्स’ नावाच्या रेस होतात, गाडीची किंमत ५०० डॉलरच्या आत ठेवायची असा नियम. पण केज, सीट, बेल्ट, ब्रेक, टायर हा खर्च त्या पाचशेत धरतच नाहीत. तुमचं बजेटही तसंच दोन वह्यांत लिहा. ठोकलेल्या गाडीचे बेल्ट एकदा ताणले गेलेले असतात, ते नकोतच.

रानातला_रायडर (विटा)

काका, वाचून अंगावर काटा आला. सुटं इंजिन नाही घेत. पलूसला एक चालू ८०० आहे, २४ हजार सांगतोय. कागदांचं काय करायचं? आणि हूपचा पाइप वाळू भरून, तापवून वाकवला तर चालेल का?

उद्यमनगर_लेथ (कोल्हापूर)

आधी गाडी तुझ्या नावावर कर. मग ती मोडतोय असं आरटीओला लेखी कळव. कायद्यात चौदा दिवसांत कळवायचं आहे. नोंदणी रद्द झाल्याचा कागद जपून ठेव. बग्गी रस्त्यावर चालवायची नाही, टेम्पोतूनच न्यायची.

पाइप तापवायचा नाही. केजला थंड वाकवलेलाच पाइप लागतो, आणि वाकाची त्रिज्या पाइपच्या व्यासाच्या तिपटीपेक्षा कमी नको. माझ्याकडे बेंडरला ३८ची डाय (वाकवायचा साचा) आहे, ४५ची नाही. ४५ची शेजारच्या शेडमध्ये आहे, त्याला विचारून ठेवतो. पाइप आणायच्या आधी सीट घ्या, तुमच्यातल्या उंच माणसाला हेल्मेट घालून तिच्यात बसवा आणि जमिनीपासून हेल्मेटपर्यंतची उंची मला कळवा. हूपचं माप त्यावरून काढू.