टेकऑफला विमान दरवेळी डावीकडेच पडतं, मदत हवी आहे

नवशिका_डिचोली:
नमस्कार मंडळी. वय ४६, अनुभव रिमोटवरच्या विमानाची पाच उड्डाणं. पाचही मिळून हवेतला वेळ मिनिटभर भरणार नाही.

विमान सेकंडहँड, फोमचं ट्रेनर (शिकाऊंसाठीचं). पंख वरच्या बाजूला, पसारा १.४ मीटर, चार चॅनेल, ३एस २२०० ची लिपो बॅटरी. रिमोट मोड २, म्हणजे डाव्या काडीवर थ्रॉटल (मोटरचा जोर) आणि रडर (शेपटीची उभी पट्टी, नाक डावी-उजवीकडे), उजवीवर एलेव्हेटर (शेपटीची आडवी पट्टी, नाक वर-खाली) आणि एलेरॉन (पंखांवरच्या पट्ट्या, विमान कलंडवायला). चतुर्थीनंतर घेतलं, पण भातकापणी होईपर्यंत ते कपाटावर होतं आणि मी खाली बसून बघत होतो.

आता शेत मोकळं झालंय. पूर्व-पश्चिम साधारण ८० मीटर, पश्चिमेला भाट (माडांची बाग). माडांवर आपटू नये म्हणून मी भाटाकडे पाठ करून पूर्वेकडे सोडतो. वेळ शनिवार-रविवार दुपारी चारची.

होतं असं: धसकटांवरून उड्या मारत दहा-बारा मीटर धावतं, मी एलेव्हेटर ओढतो, बेडकासारखं उसळून कमरेएवढं वर येतं, डावा पंख गळतो आणि नाक जमिनीत. चार वेळा, चारही वेळा डावाच. सावरायला उजवा एलेरॉन दिला तर उलट जास्त जोरात पडतं!

पाचव्यांदा कसं कोण जाणे, उडालं. माझ्याकडे वळवलं आणि घोटाळा झाला. मी उजवीकडे म्हणतोय, ते डावीकडे जातंय. डोक्यावरून गेलं ते थेट माडाच्या शेंड्यात. दुसऱ्या दिवशी पाडेलीला (नारळ पाडणाऱ्याला) बोलावलं. वर चढून तिथूनच ओरडला, "हाचे पयशे माडाच्या हिशेबान घेवचे काय विमानाच्या?"

मोटर वाकडी बसली असेल का? एकजण म्हणाला जायरोवाला (आपोआप तोल सांभाळणारा) रिसीव्हर घे, सगळं सरळ होईल. घेऊ का?

सड्यावरचा:
जायरो राहू द्या. आधी तीन गोष्टी सांगा. चार वाजता वारा कुठून असतो? सीजी (विमानाचा तोल साधतो तो बिंदू) कुठे येतो? आणि शेपटीची डागडुजी केलीय का?

नवशिका_डिचोली:
वाऱ्याकडे खरं सांगायचं तर लक्षच नव्हतं. आज चारला दांडीवरच्या चादरी बघितल्या, सगळ्या पूर्वेकडे फडफडत होत्या.

सीजी: बॅटरी आत ठेवून पंखाखाली दोन बोटांवर तोललं. पुढच्या कडेपासून ९ सेंटीमीटरवर तोल येतो. पंखाची रुंदी २० सेंटीमीटर.

आणि हो, दुसऱ्या आपटण्यात शेपटी तुटली होती. ग्लू गनने भरपूर गोंद भरला, वर पॅकिंग टेप. आता हत्तीने ओढली तरी तुटणार नाही.

सड्यावरचा:
मिळाला चोर. एक नाही, दोन.

पहिला वारा. दुपारी समुद्रावरून येतो, म्हणजे पश्चिमेकडून. तुम्ही माडांच्या भीतीने तो पाठीवर घेऊन सोडताय. समजा विमानाला तरायला ताशी २५ किलोमीटरची हवा पंखावरून जायला हवी आणि वारा १० चा आहे. समोरून असेल तर जमिनीवर १५ चा वेग पुरे. पाठीवरून असेल तर ३५ लागणार. धसकटांत ३५ कुठून येणार? तुम्हाला ते धावताना दिसतं म्हणून तुम्ही ओढता, पण पंखाच्या दृष्टीने ते अजून उभंच आहे. हवा पुरत नसताना नाक वर ओढलं की पंख उचलणं सोडतो, त्याला स्टॉल म्हणतात.

डावाच का, तर पंखा (प्रोपेलर) मागून बघितला तर घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो आणि त्याची उलट पिळवट विमानाला डावीकडे कलंडवते. म्हणून थ्रॉटल एकदम न देता दोन-तीन सेकंदांत चढवायचा आणि धावताना किंचित उजवा रडर. उजव्या एलेरॉनने बिघडतं कारण त्या वेळी डाव्या पंखावरची पट्टी खाली जाते आणि आधीच दमलेला पंख पुरता बसतो. स्टॉलमध्ये आधी एलेव्हेटर सोडा. कमरेएवढ्या उंचीवर मात्र काहीच वाचवत नाही.

दुसरा चोर तो हत्तीवाला गोंद. सीजी पंखरुंदीच्या पाव ते एक तृतीयांशात हवा, तुमच्या हिशेबाने ५ ते साडेसहा सेंटीमीटर. ९ म्हणजे शेपटी जड, जरा ओढलं की नाक आभाळाकडे. शेपटीवरचा एक ग्रॅम नाकावरच्या तीनेक ग्रॅमला भारी पडतो. गोंद खरवडून काढा, बॅटरी पुढे सरकवा.

सकाळी सातच्या आत उडवा. वारा नसतो, असला तर घाटाकडून, म्हणजे पूर्वेकडून, मंद येतो. म्हणजे माडांकडे पाठ करूनच सोडा, तीच दिशा आता बरोबर.

काजूबोंडू:
चाकं काढून टाका हो, धसकटांत काय कामाची? हातातून सोडा. पाऊण थ्रॉटल, वाऱ्यासमोर, भाला फेकतात तसं पण सपाट. वर फेकलंत तर पुन्हा तेच.

समोर येणाऱ्या विमानासाठी एक युक्ती: जो पंख खाली दिसतो, काडी त्याच बाजूला न्यायची. पंखाला टेकू दिल्यासारखी. घरी फुकटातल्या सिम्युलेटरवर हजार वेळा आपटा, तिथे पाडेली लागत नाही.

डिचोलीहून मोपा आणि दाबोळी हे दोन्ही विमानतळ लांब आहेत, तरी डिजिटल स्कायच्या (ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या) नकाशात आपली जागा हिरवी आहे ना ते एकदा बघून घ्या. हिरव्या पट्ट्यातही ४०० फुटांच्या वर नाही.

नवशिका_डिचोली:
अपडेट. गोंद आणि टेप काढून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला: ३८ ग्रॅम! जागी बांबूची एक कामटी आणि पातळ टेप. बॅटरी चार सेंटीमीटर पुढे. सीजी सहावर.

रविवारी पावणेसातला गेलो. दव एवढं की पँट गुडघ्यापर्यंत ओली. शेजारच्या चुलीचा धूर सरळ वर जाऊन किंचित भाटाकडे झुकत होता, म्हणजे घाटाकडचाच वारा. भाच्याने सपाट फेकलं. जरा खाली बसलं, मी काही ओढलं नाही (हात थरथरत होते, तरी नाही ओढलं), आणि मग ते आपसूक वर चढायला लागलं. चार मिनिटं! समोर येताना दोनदा गडबडलो, टेकूची युक्ती आठवली. उतरवलं ते मात्र आईच्या मिरचीच्या वाफ्यात. सात रोपं गेली, विमानाला ओरखडा नाही.

आता नवी अडचण. वायंगणासाठी (उन्हाळी भातासाठी) लवकरच शेतात पाणी सोडणार, मग ही जागा गेली. डिचोली-साखळी बाजूला सपाट, जवळ वीजतारा नसलेला सडा (कातळाचा माळ) कुणाला माहीत आहे का? सकाळी सातला गुरं नसलेला मिळाला तर उत्तमच.