छोट्या कार्यालयातली कुजबुज: तुम्ही कशी हाताळता?

दहा-पंधरा माणसांच्या जागेत एचआर नसतो. मालक, हिशेबनीस, सुपरवायझर यांनाच सगळं निस्तरावं लागतं. कुणावर अन्याय न होता हे कसं करता, ते लिहा.

मालक, फॅब्रिकेशन वर्कशॉप

आमच्याकडच्या कंड्या बहुतेक पैशाच्या: कुणाला किती उचल दिली, दिवाळीच्या पाकिटात कुणाला किती. त्या अर्धवट माहितीतून पिकतात. म्हणून बोनसचा हिशोब दसऱ्याआधीच फळ्यावर लावावा. हजेरीचे किती दिवस धरले, खाडे कसे मोजले, टक्के किती, वाटप कोणत्या तारखेला. 20 किंवा जास्त माणसं असतील तर पात्र कामगारांना किमान 8.33 टक्के कायद्यानेच द्यावे लागतात, ते मेहेरबानी म्हणून सांगू नये. उचलीची वही मात्र कुलपात. टेबलावर उघडी राहिली की जेवणाच्या सुट्टीपर्यंत पाचशेचे पाच हजार होतात.

हिशेबनीस, होलसेल दुकान

कुणी कानाला लागलं की आधी दोनच प्रश्न: स्वतः पाहिलंस की ऐकलंस? कुठे आणि किती वाजता? उत्तर तारखेसह वहीत, सांगणाऱ्याच्याच शब्दांत. आपल्या शब्दांत उतरवलं की ध चा मा होतो. ‘लवकर गेला’चं ‘पळून गेला’ होतं. मग ज्याच्याबद्दल आहे त्याला एकट्याला विचारायचं, त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी. आठवडा गेला तर त्याच्याखेरीज सगळ्यांना माहीत झालेलं असतं.

गल्ल्यात तूट असल्याची चर्चा असेल तर आधी बिलबुक, यूपीआयच्या नोंदी आणि रोकड जुळवा. यूपीआयने आलेलं बिल रोखीत चढलेलं असलं तरी तूट दिसते, आणि नाव मात्र काउंटरवरच्या पोराचं होतं. आरोप खोटा निघाला तर ज्यांच्यात पसरला त्यांच्यासमोरच मालकाने तसं सांगावं. बदनामी चारचौघांत आणि खुलासा केबिनमध्ये, हा न्याय नव्हे.

व्यवस्थापक, दवाखाना

रजेचं कारण व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायला लावू नका. ‘रजा मंजूर, बदली अमुक’ एवढं पुरे. कारण दिसलं की अंदाज सुरू.

लेबर कन्सल्टंट

बाईच्या चारित्र्यावर, कपड्यांवर चाललेल्या बोलण्याला कृपा करून ‘गॉसिप’ म्हणू नका. तिथे 2013 चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा लागू होऊ शकतो. 10 किंवा जास्त कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती लागते: अध्यक्ष वरिष्ठ महिला, एक सदस्य बाहेरचा, निम्म्या तरी महिला. 10 पेक्षा कमी असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. तक्रार लेखी, घटनेपासून 3 महिन्यांत; तिचं नाव बाहेर फोडायचं नाही. मालक हमखास चुकतात ते ‘आपसात मिटवा’ म्हणण्यात. समेट तिने स्वतः मागितला तरच, आणि पैशाच्या बोलीवर कधीच नाही.

सुपरवायझर, गारमेंट युनिट

मालकांना एकच विनंती, खबऱ्या पाळू नका. चहाच्या वेळी कोण काय बोललं हे सांगणाऱ्याला शनिवारी लवकर सोडलंत की बाकीचे त्याच्यादेखत कामाचंही बोलत नाहीत. सुई तुटली तर सगळे तुकडे शोधून, जुळवून, रजिस्टरला चिकटवायचे असतात. खबऱ्याच्या धाकाने घाबरलेली कारागीर नवी सुई स्वतःच लावते, गप्प बसते, आणि टोक शिवणीत राहतं.