डेन्व्हर सोडून गेलेला फलंदाज संघात घ्यावा का?

नवशिका: आमच्या ऑफिसातील फँटसी बेसबॉलमध्ये मी यंदा प्रथमच उतरलो आहे. डेन्व्हरचा संघ कोलोरॅडो रॉकीज सोडून गेलेला एक फलंदाज स्वस्तात मिळतो आहे; परंतु त्याच्या घरच्या मैदानावरील आणि बाहेरच्या सरासरीत (फलंदाजीच्या संधींपैकी किती वेळा हिट, म्हणजे चेंडू मारून सुरक्षितपणे बेस गाठला, याचे प्रमाण) इतकी तफावत आहे की सहकारी त्याला घेऊ नको असे बजावत आहेत. बाहेरच्या आकड्यांवरूनच अंदाज बांधावा का?

गोदाकाठ: बांधू नये. रॉकीजचे डेन्व्हरमधील मैदान कूर्स फील्ड सुमारे 1,600 मीटर उंचीवर असल्याने तिथल्या विरळ हवेत चेंडू लांब जातो, हे सर्वांना ठाऊक असते. पण त्याच हवेत पिचरचा (चेंडू टाकणाऱ्याचा) कर्व्हबॉल, म्हणजे हवेत वळणारा चेंडू, कमी वळतो, याकडे सहसा लक्ष जात नाही. आठवडाभर असे चेंडू खेळलेला फलंदाज दौऱ्यावर गेला, की तोच कर्व्हबॉल त्याला चकवून जातो. म्हणजे बाहेरचे आकडेही काही अंशी डेन्व्हरनेच बिघडवलेले असतात. रॉकीजचा फलंदाज डीजे लमेह्यू न्यूयॉर्क यँकीजकडे गेला तेव्हा अनेकांनी नाके मुरडली होती. त्याने 2019 मध्ये 0.327 च्या सरासरीने 26 होम रन (क्रिकेटमधील षटकारासारखे फटके) मारले आणि 2020 मध्ये 0.364 सह अमेरिकन लीगमध्ये अव्वल सरासरी राखली. (2019 मध्ये साऱ्या लीगमध्येच होम रनचा पाऊस पडला होता, हेही खरे.)

जुना प्रेक्षक: लमेह्यूचे उदाहरण थोडे फसवे आहे. तो उजव्या हाताने खेळायचा, पण चेंडू उजवीकडे मारायचा, आणि यँकी स्टेडियमची उजवी सीमा कोपऱ्यात अवघी 314 फुटांवर आहे. उलट फलंदाज व्हिनी कॅस्टियाने 1999 मध्ये रॉकीजसाठी 33 होम रन मारले आणि पुढच्याच वर्षी टँपा बेकडे, दुखापती सोसत, अवघे 6. तो 2004 मध्ये डेन्व्हरला परतला आणि त्याने 35 मारले! तेव्हा नवे मैदान आणि वय आधी पाहावे. कूर्सचे आउटफिल्ड (सीमेकडचा भाग) प्रशस्त असल्याने तिथे मोकळ्या जागेत पडणारे हिटही पुष्कळ मिळतात. केवळ त्यांवर सरासरी उभी असेल, तर ती घसरेल असे धरून चालावे.

गोदाकाठ: मान्य. म्हणूनच कच्च्या सरासरीऐवजी ओपीएस प्लस (बेस गाठण्याची आणि जोरदार फटक्यांची क्षमता एकत्र मोजणारा आकडा) पाहावा. त्यात मैदानाचा परिणाम वजा केलेला असतो आणि 100 म्हणजे लीगची सरासरी.

नवशिका: आताच पाहिला, गेली तीन वर्षे 110 च्या वर आहे आणि वय 28. खेळाडू निवडीच्या पहिल्या फेऱ्यांत नाही, पण आठव्या फेरीपर्यंत उरला तर घेतो.