बाळाला गाळलेलं नाचणीसत्त्व की मोडाचं सबंध पीठ?

खळ्यातली: सहा महिने पूर्ण झाले की कोकणात बाळाला दुधाच्या जोडीला पहिलं मिळतं ते नाचणीचं सत्त्व. माझा आक्षेप नाचणीवर नाही, गाळण्यावर आहे. ओली नाचणी वाटून फडक्यातून पिळली आणि तळाचा साका वाळवला की उरतो मुख्यतः स्टार्च. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, त्यातला मोठा वाटा सालीत. तो चोथ्यातून कोंबड्यांना जातो! त्यापेक्षा १२ तास भिजवा, ओल्या फडक्यात दीड-दोन दिवस बांधून मोड आणा, कडकडीत वाळवा, मोड चोळून काढा, मंद भाजून दळा.

खाडीपलीकडे: ताई, सालीत फक्त कॅल्शियम नसतं. लोह अडवून धरणारी फायटेट आणि टॅनिनंही तिथेच असतात. शिवाय खरखरीत लागलं की बाळ थुंकतं आणि आई पुन्हा पेजेच्या निवळीवर येते. त्या निवळीने पोट भरतं, अंग धरत नाही. पहिले पंधरा दिवस गाळलेलंच द्यावं.

खळ्यातली: मोड आणल्यावर फायटेट कमी होतं. खरखरीला बारीक चाळणी आहे. पीठ गार पाण्यात कालवून मंद आचेवर १० मिनिटं ढवळत शिजवा, गुठळी होत नाही. आणि मोडाच्या पिठाचा खरा गुण वेगळाच आहे. घट्ट मऊभात कोमट झाल्यावर अर्धा चमचा पीठ घालून ढवळा, पाणी न घालता तो सैल होतो, कारण मोडातलं अमायलेज स्टार्च तोडतं. मग एक उकळी काढून द्या. पीठ खमंग भाजलं असेल तर मात्र हे होत नाही.

सड्यावरचा: दोघांनीही पावसाळा विसरला आहे. जूननंतर इथे मोड आलेली नाचणी नीट वाळत नाही, आतून ओली राहते आणि बुरशी धरते. कुबट वास आला तर सगळं पीठ फेकायचं. बुरशीचं विष शिजवून जात नाही. वाळवण मे महिन्यातच उरकावं. आणि लोहासाठी नुसत्या नाचणीवर विसंबू नका. हळद घालून उकडलेला बांगडा बोटांनी दोनदा चाचपून, काटे काढून, भातात चमचाभर कुस्करा. सुरमई नको, मोठ्या शिकारी माशांत पारा साचतो. सुकटही नको, मीठ फार. आशाताई लोहाचं औषध देतात ते आठवड्यातून दोनदा १ मिली, चुकवू नका.

खाडीपलीकडे: बांगड्याला हरकत नाही. पण ज्या घरात मासे शिजत नाहीत, तिथे सत्त्वातच मऊ शिजलेली मुगाची डाळ घोटून घाला, वर अर्धा चमचा तूप आणि लिंबाचे दोन-चार थेंब. मीठ-साखर नको, वर्षापर्यंत मध तर मुळीच नको. चमचा कलता केला तर ओघळणार नाही इतकं दाट ठेवा. एवढं केलं तर गाळलेलं सत्त्वही वाया जात नाही, म्हणून सरसकट ते बंद करायला माझा विरोध आहे.