पुण्या-मुंबईचं नाटक कराडला आणायचं तर?

प्रश्न
पुण्यात एका शनिवार-रविवारी चार-पाच नाटकं लागलेली असतात. कराडमध्ये नाटकवेडे आहेत, सभागृहही आहे, पण नाटक येत नाही. सुरुवात कुठून करावी? तोटा नेमका कशात होतो?

तिसरी घंटा
एकटा प्रयोग मागू नका, गणित तिथेच फसतं. पुण्यात दुपारचा प्रयोग संपला की तोच टेम्पो रात्रीच्या नाट्यगृहावर जातो. कराडला यायचं म्हणजे नेपथ्याचा ट्रक, बस, सगळ्यांचं जेवण, मुक्काम आणि कलाकार-तंत्रज्ञांच्या नाईट, म्हणजे दर प्रयोगाचं मानधन. हे सगळं एका प्रयोगावर चढलं की तिकीट कुणाला परवडत नाही.

सातारा, कराड, सांगली, कोल्हापूर असा सलग चार दिवसांचा दौरा बांधा. चार ठिकाणचे आयोजक आधी एकत्र येऊ द्या, मगच निर्मात्याच्या व्यवस्थापकाशी बोला, तेही दोन-तीन महिने आधी. शनिवार-रविवारचा हट्ट नको, सोमवार ते गुरुवार मागा. सभागृहाची तारीख तोंडी धरू नका. भाडं भरल्याची पावती हातात आल्याशिवाय जाहिरात करायची नाही.

पडद्यामागे
सभागृह आहे म्हणता, पण ते लग्न-सभांचं आहे की नाटकाचं? रंगमंचाची रुंदी, खोली, उंची आणि विंगेतली जागा फुटांत मोजून कळवा. ट्रकमधून उतरलेला फ्लॅट (नेपथ्याची उभी चौकट) दारातून आत जात नाही, असंही होतं.

विजेचं सर्वांत महत्त्वाचं. १,००० वॅटचे २४ स्पॉट (रंगमंचावरचे दिवे) म्हणजे २४ किलोवॅट. एकाच फेजवर ते १०० अँपिअरच्या वर जातात, तीन फेजवर वाटले की प्रत्येकी ३५ च्या आसपास. न्यूट्रल (वीज परत नेणारी सामाईक तार) सैल असेल तर एखाद्या फेजवर दाब एकदम चढतो आणि डिमर (दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारं यंत्र), दिवे जळतात. वायरमनकडून तो आदल्या दिवशीच घट्ट करून घ्या. साउंड डिमरच्या फेजवर जोडू नका, स्पीकर घूं करत राहतो. छताच्या पंख्यांनी हळू बोललेली वाक्यं मागे पोचत नाहीत, म्हणून प्रयोग नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ठेवा, तेव्हा पंखे बंद ठेवता येतात.

पहिली रांग
तिकिटांबद्दल. मुंबईत पहिला प्रयोग अर्धा रिकामा गेला तरी चांगलं नाटक बोलबाल्यावर सावरतं. इथे दुसरा प्रयोगच नसतो. म्हणून वर्षाला चार नाटकांची सभासद योजना काढा, पैसे आधी घ्या. सगळा खर्च ६० टक्के खुर्च्यांत निघत नसेल तर ठरलेल्या रकमेचा करार करू नका, गल्ल्यातला वाटा बोला. फुकट पास वाटले की पुढच्या वेळी तिकीट काढायला कुणी येत नाही. तिकीट ५०० रुपयांच्या आत ठेवा, तिथवर जीएसटी नाही.

रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या (नाटकाची संहिता तपासणारं सरकारी मंडळ) प्रमाणपत्राची प्रत निर्मात्याकडून आधीच मागवा, पोलीस परवानगीच्या अर्जाला जोडावी लागते.