एनएफएस शेअर माउंट होतंय पण फाईल सेव्ह होत नाही

रिकामटेकडा:
मंडळी, मदत हवीये. हॉलमधल्या डेस्कटॉपवर उबुंटू आहे, त्यातलं फोटोंचं फोल्डर लॅपटॉपवर (मिंट) दिसायला हवं म्हणून एनएफएस (नेटवर्कवरून फोल्डर शेअर करायची सोय) लावलं. माउंट झालं म्हणजे फोल्डर लॅपटॉपला जोडलं गेलं, फोटो दिसतात, पण काही सेव्ह करायला गेलं की 'रीड-ओन्ली फाईल सिस्टिम'. डेस्कटॉपवरच्या एक्सपोर्ट्स फाईलीत (कुठलं फोल्डर कुणाला द्यायचं ते जिथे लिहितात ती) ओळीच्या शेवटी
१९२.१६८.१.०/२४ (आरडब्ल्यू,सिंक)
असं लिहिलंय. आरडब्ल्यू (वाचा आणि लिहा) दिलंय की राव!

टर्मिनलवाला:
कंसाच्या आधीची स्पेस काढ. स्पेस असली की तुझ्या नेटवर्कला डीफॉल्ट म्हणजे रीड-ओन्ली मिळतं आणि आरडब्ल्यू जातं अख्ख्या जगाला. एक्सपोर्टएफएसनं (ती फाईल लागू करणारी कमांड) होस्ट नेम नाही म्हणून वॉर्निंग दिली असणार, वाचली नसशील. मग सुडो एक्सपोर्टएफएस -आरए चालव, म्हणजे बदल लागू होईल.

रिकामटेकडा:
वॉर्निंग होती खरी 😅 स्पेस काढली, आता 'परमिशन डिनाइड' येतंय. आणि गंमत म्हणजे त्याच लॅपटॉपवर बायकोच्या लॉगिनमधून सगळं सेव्ह होतंय!!

उंबरठा:
चमोड ७७७ मार (सगळ्यांना सगळी परवानगी), विषय संपला.

टर्मिनलवाला:
@उंबरठा नको रे, असले सल्ले देऊ नकोस.
@रिकामटेकडा दोन्हीकडे आयडी कमांड चालवून आकडे टाक इथे.

रिकामटेकडा:
डेस्कटॉपवर मी १०००. लॅपटॉपवर बायको १०००, मी १००१. (लॅपटॉप आधी तिचाच होता)

टर्मिनलवाला:
मग बरोबरच आहे. साध्या सेटिंगमध्ये एनएफएस नाव बघतच नाही, नुसता यूआयडी म्हणजे यूजरचा आकडा बघतं, त्यामुळे डेस्कटॉपच्या लेखी वहिनी म्हणजेच तू आणि तू कोणीतरी परका. घरापुरतं असेल तर त्याच कंसात ऑल_स्क्वॉश,अनॉनयूआयडी=१०००,अनॉनजीआयडी=१००० घाल म्हणजे कुणीही लिहिलं तरी फाईल तुझ्या नावावर पडेल, ऑफिसात मात्र असलं करू नकोस, तिथे आकडे जुळवून घ्यायचे. आणि लॅपटॉपच्या एफएसटॅबमध्ये (बूट होताना काय आपोआप माउंट करायचं ती फाईल) टाकणार असशील तर नोफेल आणि एक्स-सिस्टिमडी.ऑटोमाउंट दे, नाहीतर डेस्कटॉप बंद असताना लॅपटॉप बूट होताना ताटकळत बसेल.

जुना_खेळाडू:
दोनच मशीन असतील तर एसएसएचएफएस (एसएसएच म्हणजे रिमोट लॉगिन, त्यावरूनच फोल्डर माउंट करायचं) बघा की, सर्व्हरवर एसएसएच असलं की झालं, एक्सपोर्ट्सची भानगडच नाही. मोठ्या फाईलींना जरा स्लो वाटतं एवढंच.

रिकामटेकडा:
ऑल_स्क्वॉशनं झालं! एसएसएचएफएस रविवारी बघतो. बायको म्हणतेय तिचं चालत होतं तेवढं पुरे होतं.